आठ जागांची नाव

ही गोष्ट फार फार जुनी आहे, नदीवर पूल बांधण्याचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं तेव्हाची. एका नदीच्या अलीकडे गाव होतं आणि पलीकडे बाजारपेठ. मधे एक नावाडी आठ जणांची नाव चालवायचा. भाडं थोडं होतं, पण मीठभाकरी निघत होती.

एका वर्षी पूर फार दिवस राहिला. नाव बांधून ठेवावी लागली आणि घरातलं धान्य संपलं. तेव्हा पेठेतल्या धान्याच्या शेटजींनी त्याला एक पितळी बिल्ला दिला. बिल्ला दाखवायचा आणि माल न्यायचा. पैसे सवडीने. तोवर व्याज म्हणून रोज नावेतली एक जागा शेटजींच्या माणसाला फुकट.

पोटासाठी जागा दिली, इथवर त्याला कुणी काही म्हणणार नाही. पण बिल्ला देणारे दुकानदार पेठेत पुष्कळ होते. नावाड्याने तेल्याचा बिल्ला घेतला, घोंगडीवाल्याचा घेतला, तांब्याच्या घंगाळ्यासाठी तांबटाचाही घेतला. पुढे तर एकाच्या तगाद्याला दुसऱ्याच्या बिल्ल्यावर माल उचलून, तो विकून तोंड द्यायला लागला. आता अशा माणसापुढे डोकं आपटायचं की नदीत उडी मारायची, तुम्हीच सांगा.

होता होता सहा जागा गेल्या. दोन जागांच्या भाड्यात घर भागेना, म्हणून सातवा बिल्ला घ्यायचं त्याच्या मनात घोळू लागलं. करार असा होता की आठही जागा गेल्या की नाव दुकानदारांची, आणि नावाडी तिच्यावर रोजंदारीचा गडी.

एवढं असून गृहस्थ खुशीत. आपण एकाही दिवसाची जागा चुकवली नाही, दुकानदार आपल्याला इमानी म्हणतात, हे तो ज्याला त्याला सांगत सुटायचा.

काठावर बांगड्या विकणारी एक म्हातारी रोज यायची. भाड्याचे पैसे तिच्या मुठीत असायचे, पण दुकानदारांची माणसं आधीच चढून बसलेली आणि उरलेल्या दोन जागाही भरलेल्या. बरेच दिवस तिने सोसलं. एका सकाळी टोपली खाली ठेवून तिने नावेचा दोर धरला.

"पैसे घेऊन मी काठावर उभी, फुकटे नावेत बसलेले, आणि तू उपाशी वल्हं मारतोस. हा कसला धंदा रे?"

"आजी, मी कुणाची जागा बुडवत नाही," नावाडी अभिमानाने म्हणाला.

"जागा देऊन देऊन मुद्दल किती फिटलं, ते विचारलंस कधी?"

त्याने विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो दुकानादुकानांतून फिरला. सगळ्यांनी हसून एकच सांगितलं, की जागा व्याजापोटी होती, मुद्दल आहे तिथेच आहे. नावाड्याने घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

बायकोने त्याची चांगली खरडपट्टी काढली. मग सगळे बिल्ले गोळा करून मासे धरायच्या जाळ्याला वजन म्हणून बांधून टाकले. निदान जाळं तरी नीट बुडेल, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने त्याला समजावलं, की सगळ्यांना चिमूटभर देत बसू नकोस. इतरांच्या जागा चालू ठेव आणि सगळ्यात लहान देणं आधी मुळासकट फेड. लहान देणं तेल्याचं होतं. मग त्या घराने अंधारात आंबील पिऊन दिवस काढले, घंगाळं विकलं, जाळ्यातले मासे विकले. फार जड गेलं ते. पण तेली फिटला, एक जागा मोकळी झाली, आणि तिथे म्हातारी पैसे देऊन बसली.

त्याच दिवशी हा पठ्ठ्या आनंदाच्या भरात जिलबीसाठी बिल्ला शोधू लागला. बायकोने नुसतं वर पाहिलं, तेव्हा थांबला. माणूस सुधारतो, पण सुधारेपर्यंत घरच्यांचा जीव घेतो.

त्या जागेचं भाडं तेव्हापासून घोंगडीवाल्याकडे जायला लागलं. तो फिटल्यावर दोन जागांचं भाडं तांबटाकडे जाऊ लागलं. दर फेडीनंतर पुढची फेड थोडी लवकर झाली. तरीही बघता बघता घालवलेल्या जागा परत मिळवायला कित्येक वर्षं लागली, हे विसरू नका.

शेवटी धान्याच्या शेटजींचीही पै न पै चुकती झाली. शेटजी लगबगीने घाटावर आले. नावेत पाय ठेवता ठेवता त्यांनी एक चकचकीत चांदीचा बिल्ला पुढे केला. "तुझ्यासारख्या खात्रीच्या माणसालाच देतो हा. पहिला महिना जागासुद्धा नको."

नावाड्याने बिल्ल्याकडे पाहिलं नाही. त्याने भाड्यासाठी हात पुढे केला.

"शेटजी, पलीकडे जायचं तर पैसे पडतील. रोख."

कैक वर्षांत पहिल्यांदाच शेटजी नावेत बसण्यासाठी कनवटीला हात घालून पैसे शोधू लागले.

तात्पर्य: जो नुसतं व्याज वेळेवर भरून समाधान मानतो तो आपल्याच नावेत गडी होतो, नवी उधारी थांबवून मुद्दल फेडणाराच मालक राहतो.