सोन्याच्या अंगणातला काडीमोड

एका राज्यात पाणी नव्हते. राजा होता, मुकुट होता, सिंहासनही होते. पण विहिरी कोरड्या. पाहुणा आला की राजा वज्रबाहू ताकात आणखी पाणी घालायला सांगे, आणि पाणी नाही असा आतून निरोप येई. अशा या राजाने लवंगिकेशी लग्न केले. ती पाणाड्याची लेक. जमिनीवर अनवाणी उभी राहिली की पाणी किती खोल आहे ते तिच्या तळपायांना कळे. लोक म्हणाले, पोरीने नशीब काढले.

कोणी कोणाचे नशीब काढले ते आता ऐका. सात वर्षांत लवंगिकेने एकशे आठ विहिरी दाखवल्या. ऊस आला, आमराया आल्या, व्यापारी आले, खजिना भरला. खजिना भरला तशी राजाला धास्ती बसली. ही गेली तर काय, या विचाराने त्याला घास गोड लागेना. त्याने राणीच्या पायांत सोन्याचे जोडे घातले, पायांखाली गालिचे अंथरले, दाराशी पहारे बसवले. पाहुण्यांना तो तिला जवाहिरासारखी दाखवी आणि मग आत पाठवून देई. राणीचा जीव गुदमरला. एके सकाळी ती म्हणाली, "महाराज, मला काडीमोड हवा."

त्या राज्यात काडीमोडाची रीत ठरलेली होती. नवऱ्याच्या अंगणातली काडी पंचांसमोर मोडायची. दोघांपैकी कोणीही मोडावी, पण मोडल्याचा आवाज आला पाहिजे. आवाज आला की नाते सुटले, आणि लग्नानंतर झालेली दौलत दोघांत निम्मी निम्मी. हा कायदा दरबारात दांडीवर बसणाऱ्या म्हाताऱ्या राघूला तोंडपाठ होता आणि तो कोणाची भीडभाड न ठेवता सांगे.

राजा तडक मांत्रिक भुजंगनाथाकडे गेला. मांत्रिकाने ओंजळभर राख फुंकली. दुसऱ्या सकाळी राजाच्या अंगणातले झाड न् झाड सोन्याचे झाले. आंबा, कडुलिंब, तुळस, फार काय कोपऱ्यातला खराटासुद्धा. राणीने पंचांसमोर कडुलिंबाची काडी हातात घेतली. काडी वाकली. उलटी वाकवली, तशीही वाकली. आवाज काही येईना. दुपारपर्यंत वाट पाहून पंच जेवायला घरी गेले.

"सोन्यात लोळते आहे आणि म्हणे सुटायचे आहे," लोक बोलू लागले. "निम्म्या खजिन्यावर डोळा, दुसरे काय."

राणी राघूकडे गेली. "राघोबा, यावर उपाय सांगा."

"उतारा मांत्रिकालाच विचारावा, राणीसाहेब. विचारला की त्याला सांगावा लागतो. आणि उताऱ्यासाठी निघालेल्या माणसाला कोणत्याही पहारेकऱ्याने अडवायचे नसते."

भुजंगनाथाने तोंड वाकडे केले, पण सांगितले. "ज्या घरी सून सगळ्यांआधी जेवते, त्या घरचा घास आणावा. बाईच्या नावाने ओळखतात त्या विहिरीचे पाणी आणावे. दोन्ही कडुलिंबाच्या मुळाशी ठेवावे. मग ही दौलत कोणामुळे आली, ते राजाच्या तोंडून भर दरबारात वदवावे. सावकाश होऊ द्या, राणीसाहेब. मला घाई नाही."

वेशीबाहेर राणीने जोडे काढून फेकले. तळपायांना माती लागली आणि तिला रडू आले. मग डोळे पुसून ती दारोदार निघाली. "जेवलात का, बाई?" असे विचारी.

"छे, हे शेतातून यायचेत अजून."

"सासूबाईंचं व्हायचंय."

"पोरं जेवू देत, मग उरलंसुरलं बघू."

चाळीस घरे झाली. एक्केचाळिसाव्या घरात बाळंतशेपांचा धूर कोंदला होता. आत पाच दिवसांची बाळंतीण बसली होती आणि सासू वाटी घेऊन तिच्यापुढे. "आधी तू खा. घर थांबेल," सासू म्हणत होती. राणीने घास मागितला. बाळंतिणीने हसून अळिवाचा अर्धा लाडू तिच्या हातावर ठेवला.

"न्या बाई," सासू म्हणाली, "सव्वा महिन्याने तीही आमच्यासारखी शेवटीच बसायची आहे."

पाण्याचे काम त्याहून अवघड निघाले. एकशे आठही विहिरी राणीने दाखवलेल्या, पण प्रत्येकीचे नाव वज्रबाहूची विहीर. तेव्हा राणी दूरच्या खडकाळ माळावर गेली. तिथल्या बाया दोन कोसांवरून पाणी आणत. राणी माळभर अनवाणी फिरली आणि एका जागी थांबली. "इथे. बारा हात." बायांनी कुदळी घेतल्या, राणीनेही घेतली. दहाव्या दिवशी झरा फुटला. नावाबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मागून घेतलेले नाव काय कामाचे. बाजूला बसून हाताचे फोड पाहत होती, तोच एक बाई घराकडे हाळी देऊन म्हणाली, "सगुणे, कळशी घेऊन ये गं, लवंगीच्या विहिरीवर आहे मी."

राणीला इतका आनंद झाला की ती रिकाम्याच घड्याने निघाली. अर्ध्या वाटेवरून परत यावे लागले.

अंगणातच दरबार भरला. ज्येष्ठाचे ऊन, सोन्याची पाने तापलेली, सावलीतही चटके बसत होते. राणीने लाडू आणि पाणी मुळाशी ठेवले.

"महाराज, ही दौलत कोणामुळे आली?"

"माझ्या पुण्याईमुळे."

झाड हलले नाही. तिने पुन्हा विचारले.

"पूर्वजांच्या आशीर्वादामुळे."

पान हलले नाही. तेव्हा राणी जवळ गेली आणि हळू म्हणाली, "पहिल्या विहिरीला पाणी लागले, त्या दिवशी तुम्ही काय केलेत?"

राजाने आपल्या पायांकडे पाहिले. त्या दिवशी तो राजवस्त्रांसकट गुडघाभर चिखलात उतरला होता आणि लहान मुलासारखा रडला होता. त्याने मान खाली घातली. "तुझ्यामुळे आली," तो म्हणाला. "सगळी तुझ्यामुळे. म्हणूनच तर भीती वाटली."

कडुलिंब बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हिरवा झाला. मागोमाग आंबा, तुळस, खराटा. राणीने काडी तोडली आणि मोडली. इतका स्वच्छ आवाज झाला की कानाने अधू असलेल्या थोरल्या पंचांनीही मान डोलावली.

"निम्मे तुझे," राजा म्हणाला.

सगळा दरबार तिच्या तोंडाकडे पाहू लागला. गोष्टीतल्या राण्या अशा वेळी हात जोडतात आणि मला काही नको म्हणतात. लवंगिका म्हणाली, "गाड्या कुठे लावू?"

अकरा गाड्या भरल्या. ती गेली तरी एकही विहीर आटली नाही. पाणी जमिनीचे होते, ते कुठे जाणार. राजाचीही धास्ती गेली. ज्याची राखण करायची तेच उरले नाही, म्हणून त्याने पहारे उठवले आणि कितीतरी दिवसांनी आंबा चोखून खाल्ला. राघूने त्या दिवशी कायद्यात एक ओळ वाढवली: लग्नात वधूच्या हातीही एक जिवंत काडी द्यावी, आणि ती वापरायची वेळ न येवो.

गाड्या माळाकडे निघाल्या तेव्हा वेशीवर लोकांनी विचारले, "आता एकटी कशी राहणार, बाई?" शेवटच्या गाडीत पाय पसरून लवंगिका गाढ झोपली होती.

अडकलेल्याला वाट मिळो, थकलेल्याला झोप लागो, आणि ही गोष्ट इथेच विसावो.