खारीची करवंटी

सागाच्या एका जंगलात, फार पूर्वी, धान्याचं कोठार मुंग्यांच्या ताब्यात होतं. जंगलातल्या प्रत्येक प्राण्याच्या वाट्याची एक भरलेली करवंटी तिथे असे. लागेल तसं त्यातून उसनं न्यायचं आणि सवडीने परत भरायचं. दर पौर्णिमेच्या सकाळी मुंग्या सगळ्या करवंट्या पाहून जात.

खार करवंटी तळापर्यंत खरवडून नेई, पण परतफेड कधी चुकवत नसे. याचा तिला फार अभिमान होता. पिल्लं झाली तेव्हा तिने मोठी करवंटी मागितली. कोठार सांभाळणारी म्हातारी मुंगी नाही म्हणाली.

"मी कधी शब्द मोडलाय का?" खार फणकारली.

"नाही मोडलास, खारूबाई. पण भरतेस आणि लगेच उपसून नेतेस; आम्ही बघतो तेव्हा तुझी करवंटी रिकामीच असते. उद्या तुझा पाय मुरगळला, तर परत कुठून भरशील?"

खार तरातरा निघून गेली. आपण पुरून ठेवलेल्या बिया तिने उकरून काढल्या. काही पिल्लांना दिल्या, उरलेल्या करवंटीत नेऊन ओतल्या. पुढच्या पौर्णिमेला करवंटी जवळजवळ काठोकाठ भरलेली दिसली.

म्हाताऱ्या मुंगीने कोठारातली सगळ्यात मोठी करवंटी भरून पुढे ढकलली. "ही आता तुझी."

सगळं जंगल बघत होतं. खारीने त्यातला एकही दाणा उचलला नाही. "राहू दे इथेच, पाय मुरगळला तर लागेल," ती म्हणाली, आणि शेपूट उंच करून घरी गेली.