एवढी एक खेप

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्याही आधी, भोरमाळ गावात प्लेग शिरला. आधी उंदीर पडले, मग माणसं पडू लागली. ज्याच्या काखेत गाठ दिसे त्याला माळावरच्या खोपटात नेऊन ठेवत आणि मागं न बघता परत येत. भाकरी लांबून ठेवत, पण पाणी कोण वाहणार? ओढा खाली, खोपटं वर, मधे अर्ध्या कोसाचा चढ.

तेव्हा ख्रिस्ती मंडळीच्या छपराच्या देवळात सारजाबाई उभी राहिली. विधवा बाई, पदरात एकच लेक, रुथ. तिनं सगळ्यांसमोर देवाला शब्द दिला, "पिलेग सरंस्तवर पाणी मी वाहीन." गावाच्या विहिरीवर तिला चढू देत नसत, तिच्या हातचं पाणी गावाला चालत नसे. पण तहानेपुढं सोवळं टिकत नाही. खोपटांपुढचा रांजण ती भरी आणि सगळे त्यातलंच पीत.

तीन आठवडे असे गेले. मग रुथलाच गाठ आली. सारजाबाई लेकीला पाठीवर घेऊन तो चढ चढली आणि चौथ्या दिवशी एकटी उतरली.

दुसऱ्या सकाळी अर्ध्या वाटेवरच्या काळ्या खडकावर तिनं भरली घागर ठेवली आणि बसली. दुपार कलली तरी बसूनच. पाय उचलेनात. देवाचा राग आला होता तिला, उगाच खोटं का बोला? प्लेग सरेपर्यंत, हा शब्द आता डोंगराएवढा झाला होता.

वरच्या खोपटातून पाटलाच्या म्हातारीनं हाक मारली, "सारजे, पाणी दे गं माय." जिनं जन्मात हिची सावली अंगावर पडू दिली नव्हती, तिनं माय म्हटलं.

सारजाबाई खूप रडली. मग म्हणाली, "प्रभू, सरंस्तवर म्हणाले ते चुकलं माझं. तेवढं बळ न्हाई माझ्यात. तुलाबी क्रूस जड झाला व्हता की. मला एवढी एक खेप दे. पुढलं पुढं."

घागर उचलली गेली. खाली आल्यावर पुन्हा तेच, "एवढी एक खेप." असं म्हणत म्हणत तिनं उन्हाळ्याचा शेवट गाठला, आणि एका सकाळी त्या खडकाशीच ती निजल्यासारखी सापडली. घागर रिकामी होती, म्हणजे शेवटची खेप पोचली होती. तिला रुथशेजारी पुरलं.

त्यानंतर तीन दिवस माळावर जायला कुणी धजलं नाही. वरची माणसं तहानेनं गेली असणार, हे सगळ्यांना कळत होतं. चौथ्या दिवशी पाटलाची म्हातारी काठी टेकत स्वतःच्या पायांनी उतरली. पाणी कुठलं प्यालात, विचारल्यावर ती चिडलीच.

"कुठलं म्हंजी? सारजा रोज भरती की रांजण. आज सकाळीबी भरला."

माणसं धावत वर गेली. रांजण काठोकाठ होता, असं म्हणतात.

आता गावात नळ आलाय, माळावर कुणी राहत नाही. पण भोरमाळात कुणी हात टेकले, "आता होत नाही माझ्याच्यानं" म्हणालं, की त्याला कुणी उपदेश करत नाही. ख्रिस्ती असो नाहीतर पाटलाच्या घरचा, देवळात जपलेली सारजाबाईची घागर त्याच्या हातात देतात आणि माळाकडे बोट करतात. त्यानं ओढ्यावर भरायची, चढायची, वरच्या त्याच जुन्या रांजणात ओतायची. एकच खेप. वाटेत खडकावर बसून रडलं तरी चालतं.

रडणारे पुष्कळ बसतात तिथं. घागर टाकून परत आलेला मात्र अजून कुणी नाही, असं म्हणतात.