दहा कोंबड्यांचा पिंजरा

कोंबड्या टेम्पोतून बाजारात जाऊ लागल्या, त्या आरंभीच्या काळातील ही गोष्ट. वैशाखातील एका दुपारी टेम्पोत दोन पिंजरे शेजारी ठेवलेले होते. जुन्यात दहा कोंबड्या होत्या, नव्यात सोळा.

“आजोबा, अर्धे रिकामेच निघालात की!” नवा हसला.

“पंख उचलायला जागा हवी, बाळा. गाडी थांबली की वारा थांबतो,” जुना थकल्या स्वरात म्हणाला. प्रत्येक नव्या पिंजऱ्याला तो हेच सांगत आला होता.

रेल्वे फाटकापाशी टेम्पो तासभर अडकला. जुन्यातील कोंबड्या पंख पसरून धापा टाकत राहिल्या. नव्यातील आधी ओरडल्या, मग गप्प झाल्या.

“माझ्या पाहा किती शहाण्या!” नवा म्हणाला.



बाजारात मालकाने नव्याचे झाकण उघडले आणि मुकाट्याने पुन्हा लावले.