किडीचा गाडा आणि मागे न वळणारी सात गावं

ही गोष्ट शब्दन् शब्द खरी आहे. मी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. खोटी निघाली तर मिशा उतरवीन. आता मला मिशा नाहीत, हा भाग वेगळा. आणि ती घडली तेव्हा माझे खापरपणजोबा रांगतही नव्हते, हाही भाग वेगळा. पण डोळे माझेच होते, त्यात बदल नाही.

तर फार फार वर्षांपूर्वी, बैल माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकत नसत त्या काळात, एका गोल डोंगराभोवती सात गावं होती. ताटाच्या कडेने वाट्या मांडाव्यात तशी. एका गावातून निघून, डोंगर उजव्या हाताला ठेवून चालत राहिलं, की सातव्या गावापुढे पुन्हा आपलंच गाव लागे. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाच्याच लक्षात नव्हतं.

सातही गावांत जोंधळा पिकायचा. रोपं गुडघाभर झाली की अळी पडायची. ती पोंग्यात, म्हणजे रोपाच्या मधोमध गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरून बसे आणि आतून खात सुटे. त्यावर पहिल्या गावाने कधीकाळी एक रीत काढली होती. तिचं नाव किडीचा गाडा.

दसरा झाला की घरटी पाच अळ्या एका मडक्यात गोळा करायच्या. मडक्याला हळदकुंकू वाहायचं, तोंडाला हिरवा खण बांधायचा, वाटेत खायला म्हणून आत जोंधळ्याची कोवळी पानं घालायची. पाहुण्याला उपाशी पाठवायचं नाही, हा त्या गावाचा बाणा. मग मडकं बैलगाडीत ठेवून वाजतगाजत दुसऱ्या गावाच्या शिवेवर न्यायचं, गाडा तिथे सोडायचा आणि बैल घेऊन घरी परतायचं. परतताना मात्र मागे वळून पाहायचं नाही. जो पाहील त्याच्या पाठीवर बसून कीड परत येते, असं सगळे सांगत. आजवर कोणी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे ते खोटं ठरायचा प्रश्न नव्हता.

दुसरं गाव आठ दिवस गाड्याचा पाहुणचार करी, स्वतःच्या अळ्यांची भर घाली आणि तिसऱ्याच्या शिवेवर नेऊन सोडी. तेही मागे न पाहता. असं करत गाडा सातव्या गावी पोहोचेपर्यंत मार्गशीर्ष उजाडे. तोवर डोंगरावरून अशी थंडी उतरलेली असे की दुधाला विरजण लावलं तर दही व्हायला माघ उजाडावा. कोंबडे पहाटे आरवत ते गोधडीतून. मडक्यातल्या अळ्या तर काड्यांसारख्या ताठ झालेल्या असत. सातवं गाव त्या पुरून टाकी आणि रिकाम्या गाड्यात एक नारळ ठेवून तो पहिल्या गावाला परत करी.

"बघा, गाड्यानं कीड नेली!" असं म्हणत लोक नारळ फोडत. थंडीला कोणी खोबऱ्याचा तुकडासुद्धा दिला नाही.

पुढे काय झालं कोण जाणे, ऋतूंनी आपल्या वाटा बदलल्या. पाऊस ऐन दिवाळीत आला आणि मानपानावरून रुसलेल्या जावयासारखा मुक्कामाला बसला. थंडी एका संध्याकाळी डोंगरावरून डोकावली, बरं आहे ना म्हणाली आणि गेली. घोंगडीवाल्याने घोंगड्या गुंडाळून ठेवल्या आणि पौष महिन्यात ताडाचे पंखे विकून बरकत केली.

त्या वर्षी सातव्या गावाहून गाडा परत आला. नारळ होता, पण गाडा रिकामा नव्हता; जिवंत पाहुणे पुरायचे कसे, म्हणून सातव्या गावानेही ते तसेच पुढे ढकलले होते. मडक्यावरच्या खणाची चाळण झाली होती आणि गाड्यातला कडबा पाय फुटल्यासारखा हलत होता. पहिल्या गावाचा जोंधळा कणसापर्यंत खाऊन साफ झाला.

गावाची बैठक बसली. पुष्कळ विचार झाला आणि शेवटी सगळ्यांना पटलं की गाडा लहान पडला. पुढच्या वर्षी मोठा गाडा केला, घरटी पाचाऐवजी पंचवीस अळ्या घातल्या, एका मडक्याची पाच मडकी केली. हलगीवाला एक होता, ते तीन केले. गाडा आणखी भरून परत आला.

या पहिल्या गावाचे पाटील होते कोंडाजी. माणूस दिलदार, पण एकदा 'नाही' म्हणाले की स्वतःलाही त्याचं 'हो' करता येत नसे. त्यांची एकुलती एक लेक साळू दुसऱ्या गावात दिलेली. तिचं शेत अगदी शिवेला लागून. गाडा जिथे सोडत, तिथून पाच हातांवर तिच्या जोंधळ्याची पहिली ओळ.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर साळू माहेरी आली. ओसरीवर टेकली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच म्हणाली, "आबा, यंदा गाडा आणू नका."

"का गं?"

"दोन वर्षं माझा जोंधळा तुमच्या पाहुण्यांनी खाल्ला. यंदाही गेला तर आम्ही घराला कुलूप लावून खालच्या मुलखात कामाला जाणार. यांनी बाजारातून कुलूपसुद्धा आणून ठेवलंय."

खालचा मुलूख बारा दिवसांच्या वाटेवर होता. पाटलांनी डोक्यावरचा पटका उगाच सारखा केला.

"साळू, रीत आहे ती. पाटलानंच मोडली तर लोक काय म्हणतील? आणि आठ दिवसांत तुमचं गाव गाडा पुढं ढकलतंच की."

"लोक लेकीला माहेरहून फराळ पाठवतात, आबा. तुम्ही अळ्या पाठवता. सासूबाई गावभर सांगत फिरतात."

"फिरू दे. तुझ्या सासूला फिरायला कारण लागतंच."

साळू उठली. "मग एवढं तरी करा. यंदा एकदा मागं वळून बघा. मी बांधावरच उभी असेन."

"भलतंच काय बोलतेस!" पाटील म्हणाले आणि आत जाऊन उगाच देवघरातली घंटा पुसत बसले.

गाड्याचा दिवस उजाडला. गाड्याला हरण्या आणि त्याचा जोडीदार जुंपले होते. हरण्या म्हातारा बैल, तीस वर्षं किडीचा गाडा ओढलेला. (बैल एवढं जगत नाही म्हणता? हा जगला.) शीव आली तसा तो रस्त्यात बसला.

"ऊठ रे," पाटील म्हणाले.

"नाही उठायचा," हरण्या म्हणाला. "पाटील, पूर्वी हा गाडा भरलेला नेत होतो आणि सातव्याच्या शिवेवरून रिकामा आणत होतो. आता भरलेला नेतो आणि त्याहून भरलेला आणतो. तुम्हाला कळत नसेल, माझ्या मानेला कळतं."

"हरण्या, तू बैल आहेस. बैलासारखा वाग."

"तसाच वागतोय. तुम्ही माणसासारखं कधी वागता ते बघतोय."

पाटलांनी दुर्लक्ष केलं. बैलाच्या सांगण्यावरून रीत मोडली असं लोकांनी म्हणायला नको. शेवटी चार गड्यांनी गाडा ढकलत शिवेवर नेला. गाड्यातल्या मडक्यांना हात जोडले. तिन्ही हलग्या कडाडल्या आणि सगळं गाव घराकडे तोंड करून चालू लागलं. मागे होती ती फक्त पाठ.

दहा पावलं झाली असतील. मागून हाक आली, "आबा!"

पाटील थांबले.

"वळू नका पाटील!" येसबा हलगीवाला ओरडला. "चकवा असेल!"

"चकवा तुझा बाप, येसबाकाका!" मागून आवाज आला. "माझ्या लग्नात अकरा लाडू खाल्लेस, तेव्हा नाही चकवा वाटले मी!"

"साळूच आहे," येसबा हळूच म्हणाला. "अकराच होते."

"आबा, बघा की मागं. पाठीवर बसली कीड तर मी झटकते. पण मी बारा दिवसांच्या वाटेवर गेले, तर कोणाला हाक मारणार?"

पाटील वळले.

असं पाहा, सातही गावांच्या सगळ्या पिढ्यांत मागे वळलेला हा पहिला माणूस. त्याच्या पाठीवर काही बसलं नाही. त्याच्या डोळ्यांना मात्र दिसलं. मडक्यांमधून अळ्या वरातीसारख्या निघाल्या होत्या. चाकांच्या आऱ्यांवरून शिडीसारख्या उतरत होत्या आणि रांग न मोडता साळूच्या जोंधळ्यात शिरत होत्या. सगळ्यात पुढे अंगठ्याएवढी एक जाडजूड अळी होती. ती थांबली आणि तिने मान वर केली.

"राम राम पाटील! तुमचे उपकार कसे फेडावेत? आम्हाला सोळा पाय, पण एक बांध ओलांडता ओलांडता जीव जातो. पंख फुटल्यावर उडतो ते वेगळं, पण बाळपणी सात गावं फिरवून आणणारा यजमान कुठे मिळतो? गेल्या वर्षी फिरत फिरत तुमच्याच शेतात उतरलो. चव अजून जिभेवर आहे."

"पण पूर्वी तुम्ही मरत होता ना गाड्यात?"

"गाड्यात नव्हे, थंडीत. पणजी सांगायची, थंडी फार कडक बाई होती. हल्ली दिसत नाही." एवढं बोलून अळीने साळूचा एक पोंगा निवडला आणि डोकं आत खुपसलं. तेवढ्यात साळूने हातातल्या सुपातली चिमूटभर राख त्याच पोंग्यात टाकली. अळी शिंकत बाहेर आली ती साळूच्या कोंबडीच्या चोचीत. उपकार फेडायचे राहिले ते राहिलेच.

"हे काय केलंस?" पाटलांनी विचारलं.

"पोंग्यात राख किंवा बारीक माती टाकली की आत बसलेल्या अळीला राहवत नाही. पानाखाली अंड्यांचा लोकरीसारखा ठिपका दिसला की लगेच चिरडायचा. रोज सकाळी शेतात फिरून बघायचं, बस. पण मी एकटी, आबा. मी दहा वेचते तोवर तुम्ही हजार आणून सोडता."

पाटलांनी पटका काढला, चुलत्याच्या लग्नातला, जरीच्या काठाचा, त्याची झोळी केली आणि राख भरली. बाकीचं गाव अजून पाठ करूनच उभं होतं.

"वळा रे सगळे!" पाटील गरजले.

"पण पाटील, ते दुसऱ्या गावाचं शेत आहे," कोणीतरी म्हणालं.

"शेत दुसऱ्या गावाचं आहे. अळी कुणाची?"

एकेक पाठ फिरली, एकेक तोंड दिसू लागलं. येसबाने हलगी उलटी करून तिच्यात राख घेतली. बायका घरून कोंबड्यांच्या पाट्या घेऊन आल्या. साळूची सासू लांबून बघत होती, तीही ओचा खोचून उतरली. न उतरती तर गावभर सांगायचं काय? चार दिवस दोन गावं त्या शिवारात वाकून होती. थोडा जोंधळा गेला, पण पुष्कळ वाचला. कोंबड्या तर इतक्या माजल्या की झाडावर चढायचं म्हटलं की खालून एकीने ढकलावं लागे.

आठ दिवसांनी सातव्या गावचा म्हातारा कारभारी तणतणत आला. "यंदा गाडा निघालाच नाही म्हणे! आम्ही नारळ आणून ठेवलाय!"

"येणार की गाडा," पाटील म्हणाले.

आणि गाडा गेला. फक्त त्यात मडकं नव्हतं. आत बसली होती दहा माणसं, राखेच्या पाट्या आणि साळूच्या बारा कोंबड्या. हरण्या ताठ मानेने पुढे. ज्या गावी पहिला ठिपका दिसे तिथे हलगी वाजे, आणि हलगी ऐकली की बाकीच्या सहा गावांतून गाडा भरून हात येत. पीक निघालं की सातही गावं उन्हात खोल नांगरट करू लागली. मातीत लपलेले कोष उघडे पडत आणि बगळे, साळुंक्या नांगरामागे पंगतीला बसत. रीतही राहिली, जराशी उलटी होऊन: शिवेवरून परतताना प्रत्येकाने थांबायचं आणि मागे वळून पाहायचं.

थंडी काही पूर्वीसारखी परतली नाही. अळीही दरवर्षी येते. पण आता तिला गाडी मिळत नाही.

आणि साळूच्या घरचं ते कुलूप? ते कोंबड्यांच्या खुराड्याला लावावं लागलं. एवढ्या जाड कोंबड्या पाहून चोरांची नियत फिरू लागली.

बोध असा: शेजाऱ्याच्या बांधावर ढकललेलं संकट वाटेत पोसलं जाऊन आपल्याच दारी येतं, म्हणून ते वेळीच मिळून अडवावं.

आता कबुली. अळी बोलली, हे मी रचलं. अळी कधी बोलत नाही. तिचं तोंड सदा भरलेलं असतं. हरण्याचं बोलणं मात्र मी रचलेलं नाही. आणि मागे न पाहता पुढे ढकलणारी माणसं रचावी लागली नाहीत. ती मला तयारच मिळाली.