टर्क्यांचा मारेकरी

गंभीरराव महाराजांच्या खुराड्यातील पाचवी टर्की मान टाकून पडली, तेव्हा महाराजांनी राखणदार रखमाजीला चावडीत डांबले आणि त्याच्या लेकीला, ठकूला, दरबारात बोलावून सुनावले,

"तुझ्या बापानेच माझ्या पक्ष्यांना विष घातले. तसे नसेल, तर खरा मारेकरी उद्या येथे बांधून आण. नाही आणलास, तर बापलेकींनी संस्थान सोडायचे."

या टर्क्या परदेशी पाहुण्याने दिलेली भेट. महाराजांचा त्यांच्यावर भारी जीव. रोज सकाळी ते स्वहस्ते आधी कोंबड्यांना दाणे टाकीत, मग टर्क्यांना.

"सरकार, मारेकरी राजवाड्यातलाच निघाला तर?" ठकूने विचारले.

"माझ्या कितीही जवळचा असो, बांध त्याला."

दरबाराबाहेर राजपुरोहित ढुंढिराजशास्त्री तिला गाठून म्हणाले, "पोरी, मीही प्रयत्न केला हो. खुराड्यात शांतिपाठ करून कलशभर तीर्थ शिंपडले. भुसा ओला झाला आणि पक्षी आधीपेक्षा लवकर शांत झाले. यापुढे त्यांना माझ्या पुण्याईपासून जप."

"भुसा कोरडाच हवा, शास्त्रीबुवा. पाणी फक्त घासलेल्या भांड्यात," ठकू हसली. "पण आपल्या तीर्थाआधीच तिघी गेल्या होत्या. मारेकरी दुसराच आहे."

तिला एक ठाऊक होते. कोंबडीच्या विष्ठेतून पसरणारा एक रोग असा असतो, की कोंबडीला तो फारसा बाधत नाही. टर्कीला मात्र पिवळी हगवण लावून घेऊन जातो. म्हणूनच रखमाजीने कोंबड्यांची आणि टर्क्यांची खुराडी दूरदूर बांधली होती. नवा पक्षी आला की तो काही दिवस वेगळा ठेवी, आणि स्वतः कोंबड्यांकडे फिरकतही नसे. मग एवढे अंतर रोग चालून आला कसा? सूर्य मावळण्यापूर्वी ठकूने कोंबड्यांच्या अंगणात गेरू पसरला.

दुसऱ्या सकाळी दाणे टाकून महाराज देवघरात गेले. पूजा आटोपून बाहेर येतात, तो उंबऱ्याशी जोडे नाहीत! तसेच अनवाणी ते दरबारात आले.

"माझे जोडे कोणी नेले?"

"त्यांना अटक झाली आहे, सरकार." ठकूने दाव्याने करकचून बांधलेले जरीचे जोडे पुढे ठेवले. तळ लालभडक होते. "कोंबड्यांच्या अंगणातला गेरू आज टर्क्यांच्या भुशावर उमटला आहे. गेरू गेला, तशीच रोज घाणही जात होती."

शास्त्रीबुवांनी हसू लपवायला उपरणे तोंडाशी धरले. महाराजांच्या भुवया चढल्या.

"जोडे बांधलेस, ठीक. पण त्यांत पाय कोणाचे होते, तेही सांग."

खरे सांगावे तर राजद्रोह, न सांगावे तर बाप चावडीतच.

"पायांचा काय दोष, सरकार?" ठकू शांतपणे म्हणाली. "देवघराच्या उंबऱ्याशी ते न सांगता जोडे सोडतात. खुराड्याच्या उंबऱ्याशी सोडायला त्यांना कोणी सांगितलेच नाही."

महाराजांनी स्वतःच्या अनवाणी पावलांकडे पाहिले आणि त्यांना हसू आवरेना.

"शास्त्रीबुवा, मी मारेकरी म्हणून रखमाजीला डांबले, आणि रोज सकाळी मीच खऱ्या मारेकऱ्याला जरीच्या जोड्यांतून खुराड्यापर्यंत पोचवीत होतो! वर मूठभर दाणे टाकल्याचे पुण्य मनात मोजीत परतायचो."

"आपण एकटे नव्हता, सरकार," शास्त्रीबुवा म्हणाले. "मागून तीर्थ घेऊन मी होतोच."

रखमाजीला त्याच क्षणी सोडून मानाचा शेला दिला गेला. ठकूला चांदीचे कडे मिळाले आणि खुराड्याची सारी मुखत्यारीही. दाराशी पाण्याची घागर आणि खास तेथल्याच वापराच्या खडावा आल्या.

पुढल्या सकाळी महाराज दाण्यांची टोपली घेऊन त्या दाराशी उभे राहिले.

"ठकूबाई, येऊ का आत?"

"आधी पाय धुवा, सरकार. मग खडावा घाला. आणि यापुढे आधी टर्क्या, मग कोंबड्या."

महाराज खदखदून हसले, आणि त्यांनी मुकाट्याने घागर उचलली.