तीन पायऱ्या आणि घर नाही

आमच्या पाथरे वसाहतीत तिसऱ्या गल्लीच्या टोकाला काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या आहेत. चढून वर गेलं की घर नाही, नुसतं गवत. पाहुणे हमखास विचारतात, म्हणून सासूबाईंनी मला सांगितलं तसं लिहिते.

शंभर वर्षांपूर्वी इथं उघडा माळ होता म्हणे. नरहरपंत पाथऱ्यांनी तो घेऊन प्लॉट पाडले. पण माळावर राहायला येणार कोण? लोकांना धीर यावा म्हणून पंत स्वतःच घर बांधून राहिले. गिऱ्हाईक प्लॉट बघायला यायचं, त्यांच्या बायकोचं, वेणूबाईंचं, सारवलेलं अंगण आणि लख्ख मांडणी बघायचं, अन् म्हणायचं, "प्लॉट राहू दे, हेच घर द्या." पंत देऊन टाकायचे. चार वर्षांत वेणूबाईंनी सहा घरं मांडली आणि सहा आवरली.

सातव्या घरात त्यांना दिवस राहिले. त्यांनी देवीला साकडं घातलं, "माझं बाळ तरी एका जागी वाढू दे."

तोच एक पेन्शनीतले मुनसफ आले. त्यांना घर आवडलं.

"माडी गळते," वेणूबाई म्हणाल्या.

"बादली ठेवू."

"विंचू निघतात."

"औषध आहे माझ्याकडे."

"शेजारी भारी भांडखोर आहेत."

"बाई, मी जन्मभर भांडणंच ऐकली."

पंतांनी शब्द दिला, आणि दोघं कागद करायला तालुक्याला गेले. तिसऱ्या दिवशी परत येतात तो नुसत्या पायऱ्या. वरच्या पायरीवर वेणूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. कोणी म्हणतं, देवीनं घर उचललं. सासूबाई म्हणतात, गवंड्यांच्या बायकांनी उतरवलं.

"घर कुठंय?" मुनसफांनी विचारलं.

"एक खोड सांगायची राहिली," वेणूबाई म्हणाल्या. "हे घर जातं."

मुनसफ टांग्यात बसले. पंतांनी बायकोपुढं हात जोडले आणि आठवं घर मुद्दाम वाकडं बांधलं. दार कोपऱ्यात, खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीकडं. एकाही गिऱ्हाइकानं ते मागितलं नाही. बाळ तिथंच जन्मलं, तिथंच बोहल्यावर चढलं.

आजही आमच्यात नव्या घराला कोणी छान म्हणत नाही. वास्तुशांतीला येईल त्यानं एक तरी खोड काढायची. आमच्या वेळी माझी मामेबहीण "काय सुरेख घर गं" म्हणून बसली. धाकटी लेक माझ्या मांडीवर, माझा घास हातातच. सासूबाईंनी मामेबहिणीला भरल्या पानावरून उठवलं. बिचारी घरभर हिंडली आणि म्हणाली, "मोरीचा नळ ठिबकतो."

नळ ठिबकत नव्हता. पण तेव्हा कुठं माझ्या घशाखाली घास उतरला.